आरसा म्हणाला, थांबा

आज जी पोरं पाळण्यात हातपाय झाडतायत ती बारावीला बसतील, तेव्हाची ही गोष्ट. इचलकरंजी तेव्हाही इचलकरंजीच होती. माग नवे आले, खटखट निम्म्यावर आली, शेडांच्या छपरावर सोलरच्या काळ्या पाट्या चढल्या. पण बाईच्या ब्लाउजची बाही नीट बसायला अजून बाईच लागायची, म्हणून सारिका तारळेकरचं शिलाई मशीन दिवसभर चालायचं.

त्या दिवशी मात्र ते बंद होतं. सारिका पोरीला घेऊन मिरजेच्या दवाखान्यात बसली होती आणि समोरच्या भिंतीवरचा आरसा म्हणत होता, थांबा.

तोंडानं म्हणत नव्हता. त्याच्यावर अक्षरं उमटली होती: वाढ चालू आहे. शस्त्रक्रिया आत्ता नाही. पुन्हा विचार एकविसाव्या वर्षी.

दुर्वा सतरा वर्षांची. तिनं ते एकदा वाचलं, परत वाचलं आणि म्हणाली, "हे कुणाला विचारून?"

"अगं हळू," सारिका म्हणाली.

"हळू का? अजून चार वर्षं हे ओझं घेऊन फिरायचं मी, आणि बोलायचं पण हळू?"

समोर डॉ. शमीम मुजावर बसल्या होत्या. आडव्या बांध्याची बाई, चष्मा कायम डोक्यावर, बोलणं सरळ. त्या म्हणाल्या, "बोल गं मोठ्यानं. माझ्या खोलीत चालतं."

ओझं कसलं, ते सांगायला पाहिजे. गल्लीत त्याला कुणी नाव घेऊन बोलायचं नाही. बायका आपल्या 'ते' म्हणायच्या आणि डोळ्यांनी दाखवायच्या. डॉक्टरीणबाई पहिल्या भेटीतच 'स्तन' म्हणाल्या, तेव्हा सारिकानं मागं वळून दार लावलंय का बघितलं होतं. दुर्वाची छाती तेराव्या वर्षी वाढायला लागली ती थांबायलाच तयार नाही. अंग बारीक, हात काटकुळे, आणि पुढं एवढं वजन की मान आपोआप खाली. पट्ट्यांनी दोन्ही खांद्यांवर बोट बसेल असे वळ पडलेले. उन्हाळ्यात घामानं खालची कातडी सोलून निघायची. पेपर लिहिताना करंगळीला मुंग्या यायच्या. पाठीवर झोपली तर छातीवर दडपण, पालथं झोपणं तर विसरलेलीच. बाजारात तिच्या मापाचं काही मिळेना, मग सारिका दोन आणून, उसवून, जोडून एक करायची.

सगळे म्हणायचे, वजन कमी कर. पोरीनं भात सोडला, भाकरी सोडली. गाल बसले, हाडं दिसायला लागली, ओझं होतं तिथंच.

मुजावर बाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. "हार्मोन म्हणजे काय, तर रक्तातनं फिरणारा निरोप. वाढा, असा निरोप वयात येताना सगळ्या पोरींच्या अंगात फिरतो. काही पोरींच्या स्तनातल्या पेशी तो निरोप जरा जास्तच मनावर घेतात. निरोप तेवढाच, ऐकणारे कान तिखट. ह्यात तिची चूक नाही, तुमची नाही, भाताची तर अजिबात नाही."

ते ऐकून दुर्वा पहिल्यांदा रडली होती. तोवर तिची चूक नाही असं कुणी म्हणालंच नव्हतं.

मग उपाय? उपाय होता. जादाचा भाग कापून काढायचा, उरलेला नीट बसवायचा. ऑपरेशन जुनं, डॉक्टरांच्या हातातलं. पण कोवळ्या वयात त्याला एक अडचण. वाढ पुरी झालेली नसताना कापलं तर परत वाढू शकतं, परत कापावं लागतं. म्हणून पूर्वीचे डॉक्टर म्हणायचे, माप वर्षभर हललं नाही की मग बघू. अंदाजाचं काम होतं ते.

आरसा आला आणि अंदाज संपला, असं लोकांना वाटायला लागलं. त्याचं काम असं. रक्त घ्यायचं, मनगटाचा फोटो काढायचा म्हणजे हाडं वाढायची थांबली का कळतं, आई-आजीचा बांधा कसा होता ते विचारायचं, कॅमेऱ्यानं सुरुवातीला एकदा सगळं अंग मापायचं आणि मग दर महिन्याला घरनं टेपचं माप मागवायचं. हे सगळं तो आधीच्या लाखो पोरापोरींच्या मापांशी लावून बघायचा आणि काचेच्या आत तुमचं एक सावलीचं अंग तयार करायचा. कपड्याच्या दुकानातल्या पुतळ्यासारखं, राखाडी, बिनचेहऱ्याचं. मग त्या पुतळ्याचं वय पुढं सरकवायचा. वीस, पंचवीस, चाळीस.

एकदा असं यंत्र आलं म्हटल्यावर ते दवाखान्यात कशाला राहतंय? क्रिकेटच्या अकादमीवाले पोरांच्या उंचीचा आरसा मागायला लागले. पोरगी बघायला आलेल्यांना पोरीचा बाप उलटा विचारायचा, मुलाच्या टकलाचा आरसा काढलाय का? साखरेच्या आजाराचा काढलाय का? कुणाचं काय होणार ते आधीच कळायला लागलं, आणि जे व्हायचंय त्याच्या आधीच माणसं एकमेकांना नको म्हणायला लागली. ऑपरेशनला तर नियमच झाला. दहात दोनपेक्षा जास्त धोका आरशानं दाखवला की राज्यातल्या कुठल्याच दवाखान्यानं हात लावायचा नाही.

दुर्वाचा धोका त्यानं दाखवला दहात आठ.

"दर महिन्याचं माप थोडं थोडं चढतंय," मुजावर बाई म्हणाल्या. "वाढ चालूच आहे म्हणतोय तो. मला पटत नाही, पण माझ्या न पटण्याला त्याच्या पुढं किंमत नाही."

एस.टी.त परत येताना दुर्वा खिडकीला डोकं टेकून बसली. सारिकानं केळं सोलून दिलं, तर म्हणाली, "तूच खा. माझी वाढ चालू आहे."

* * *

दुसऱ्या दिवशी मंगल हजर. मंगल म्हणजे दुर्वाची आत्ती, धनाजीची थोरली बहीण. हातकणंगल्याला राहायची, पण तारळेकरांच्या घरातली बातमी तिला तारळेकरांच्या आधी कळायची.

"बरं झालं बाई," ती पाटावर बसत म्हणाली. "यंत्रानंच सांगितलं ते बेस. पोरीच्या जातीनं अंगाला सुरी लावून घ्यायची म्हणजे काय! उद्या लग्न झालं, लेकरू झालं, तर पाजणार काय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, वन्सं," सारिका म्हणाली. "काहींना पाजता येतं, काहींना थोडंच येतं, काहींना येत नाही. आधी सांगता येत नाही म्हणे."

"मग? त्यापरीस आहे ते देवानं दिलंय म्हणायचं."

दुर्वा आतनं आली. "आत्ती, तुला चार लेकरं. चौघांना काय पाजलंस?"

मंगलनं पदर सावरला. तिला दूध आलंच नव्हतं. चारी पोरं पावडरच्या डब्यावर वाढली होती, हे सगळ्या भावकीला ठाऊक होतं.

"त्यातला एक फौजदार झालाय की," दुर्वा म्हणाली. "डब्याच्या दुधानं काय बिघडलं त्याचं? आवाज तर अख्ख्या हातकणंगल्याला ऐकू येतोय."

"सारिका, पोरीला आवर."

सारिकानं आवरलं नाही. तिला हसू आलेलं ती चहाच्या पातेल्यात बघून लपवत होती.

धनाजी दारात उभा होता. माग दुरुस्त करणारा माणूस, हाताला कायम ग्रीस. घरात हा विषय निघाला की त्याला नेमकं बाहेर काहीतरी काम आठवायचं. आताही तो म्हणाला, "मी जरा शेडवर जाऊन येतो."

"पप्पा," दुर्वा म्हणाली, "तुम्ही चार वर्षं शेडवरच आहात."

तो थांबला. त्या दिवशी तो शेडवर गेला नाही. उंबऱ्यावर बसून राहिला, चहा गार होईपर्यंत.

* * *

आठ दिवस दुर्वा कुणाशी धड बोलली नाही. नवव्या दिवशी ती सारिकाच्या मशीनपुढं येऊन उभी राहिली. हातात निळं कापड.

"मम्मी, मला ड्रेस शिव. आणि अंगाला बसणारा शिव. तंबू नको."

सारिकानं वर बघितलं. गेली दोन-तीन वर्षं ही पोरगी अजून सैल, अजून सैल म्हणत आलेली. ओढणी दुहेरी, वर कॉलेजची बॅग पुढं छातीशी धरलेली.

"बसणारा? नक्की?"

"चार वर्षं थांबायचंय ना? मग चार वर्षं मी लपणार नाही. बघायचं त्यानं बघावं, डोळे दुखले तर डॉक्टरकडं जावं. शिव तू."

सारिकानं टेप घेतला. पाठीमागनं फिरवून पुढं आणला, आणि सवयीनं टेपच्या आत बोटं घातली.

"बोटं काढ," दुर्वा म्हणाली. "बसणारा म्हटलं ना."

सारिकानं बोटं काढली. टेप अंगाला लागला. तिनं आकडा बघितला, टेप सोडला, परत लावला. परत तोच आकडा. पोरीनं मान वळवून बघितलं तर आईचा चेहरा पांढरा पडलेला.

"काय झालं?"

"काही न्हाई."

"मम्मी, काय झालं?"

झालं होतं असं. दर महिन्याचं माप घरी घ्यायचं म्हटल्यावर गल्लीत दवाखान्याचं काम बघणाऱ्या आशाताई म्हणाल्या होत्या, सारिका, तू तर टेलर, मी कशाला येऊ, तूच घे आणि फोनवर सांगत जा. सारिकाला अभिमानच वाटला होता. पण वीस वर्षं ब्लाउज शिवलेल्या बाईचा हात अंग मोजत नाही. तो कपडा मोजतो. अंगावर टेप धरला की आत बोट जाणारच, तेवढी ढील कपड्याला लागतेच. आणि पोरगी तर दर महिन्याला म्हणायची, मम्मी अजून सैल. मग एका बोटाची दोन झाली, दोनाची तीन झाली, शेवटी शेवटी अख्खी मूठ. पोरीला बरं वाटावं म्हणून. सारिकाच्या ते ध्यानातसुद्धा आलं नाही. तो वाढत चाललेला आकडा तिनं महिन्याच्या महिन्याला आरशाला पाठवला, आणि आरशाला वाटलं, पोरगी वाढतेय.

वर्षापूर्वी दवाखान्यात घेतलेलं पहिलं माप आणि आत्ताचं बिनबोटाचं माप एकच होतं. केसभर फरक नाही.

सारिका खाली बसली. पदर तोंडाला लावला. "माझ्याच हातानं गं..."

दुर्वाला आधी कळेना, मग कळलं. राग तर आलाच. "म्हणजे वर्षभर तू माझा कपडा मोजलास, मला मोजलंच नाहीस?"



पोरगी थोडा वेळ खिडकीशी उभी राहिली. मग आली, आईच्या हातातला टेप काढून घेतला, गुंडाळला. "सैल कर, सैल कर म्हणून मीच डोकं खाल्लं होतं तुझं. ऊठ. तोंड धू. मिरजेची साडेअकराची गाडी आहे."

* * *

मुजावर बाईंनी सगळं ऐकलं आणि पहिल्यांदा कपाळाला हात लावला, मग खो-खो हसल्या. "अहो सारिकाबाई, करोडो रुपयांचं यंत्र तुमच्या मुठीनं फसवलं!"

"माझी चूक हाय, मॅडम. पोरीचं नुकसान करू नका."

"चूक आमची पण आहे. टेलरच्या हातात टेप दिला आणि कसं धरायचं ते सांगितलं नाही."

त्यांनी दुर्वाला त्याच दिवशी कॅमेऱ्यापुढं उभं केलं. रक्त घेतलं, मनगटाचा फोटो काढला. चढती मापं खोडून आरशाला नव्यानं विचार करायला लावला. राखाडी पुतळा काचेत उभा राहिला, आपल्याआपण गोल फिरला, वयानं पुढं सरकला. तिघी बघत होत्या.

वर्षभरात वाढ नाही. पुढं परत वाढण्याचा धोका: दहात चार.

"चार?" सारिका म्हणाली. "आठाचे चार झाले, म्हणजे होतंय ना मग?"

"दोन लागतात," मुजावर बाई म्हणाल्या. "चार म्हणजे त्याच्या भाषेत अजून थांबाच. आता एकच वाट. समितीपुढं जायचं. समितीला वाटलं तर कारण लिहून ती आरशाच्या वर जाऊ शकते. आत्तापर्यंत कधी गेली नाही, तेवढं सांगून ठेवते."

"आत्तापर्यंत मी गेले नव्हते," दुर्वा म्हणाली.

* * *

समिती म्हणजे एक लांब टेबल. मधोमध डॉ. कारखानीस, पिकलेले केस, सभ्य माणूस, आवाज कधी चढायचा नाही. त्यांच्या डाव्या हाताला पाटणकर मॅडम, त्या पोरांच्या मनाचं बघायच्या. उजवीकडं मुजावर बाई. भिंतीवर आरसा. अलीकडं तारळेकर तिघं, कारण पोरगी अठराच्या आत, आई-बापाची सही लागणार होती. धनाजीनं लग्नात घातलेला सफारी घातला होता, पोटावर बटण ओढलेलं.

पाटणकर मॅडमनी सुरुवात केली. "दुर्वा, हे तुला पाहिजे आहे की घरच्यांना?"

"घरचे तर शेडवर जातात," दुर्वा म्हणाली. धनाजीनं खाली बघितलं. "मला पाहिजे."

"कुणी चिडवतं म्हणून?"

"चिडवतात. त्यांना मी बघून घेते. त्यांच्यासाठी कोण कापून घेतंय? मला पाठ दुखते म्हणून पाहिजे. मला तास-दोन तास सरळ बसून पेपर लिहायचाय म्हणून पाहिजे."

"वण राहतील. मोठे. जन्मभर."

"खांद्यावर आत्ताच आहेत. ते कुणी विचारत नाही."

"काही ठिकाणी स्पर्श कळणार नाही, असंही होऊ शकतं."

"मुजावर मॅडमनी सांगितलंय."

"मूल झाल्यावर पाजता येईलच असं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला आज वाटतं त्याचं काही नाही, तिसाव्या वर्षी वाटू शकतं."

दुर्वा पहिल्यांदा थांबली. ओठ चावला. "वाटेल कदाचित," ती म्हणाली. "तेव्हा वाईट वाटलं तर मी रडीन. पण रडायचं म्हणून आधीच तेरा वर्षं दुखवून घेऊ का?"

कारखानीस पुढं झुकले. "बाळ, तुझं दुखणं खोटं आहे असं कुणीच म्हणत नाही. पण हे बघ, दहात चार. उद्या परत वाढलं, परत ऑपरेशन करायला लागलं, तर तूच म्हणशील, मोठ्या माणसांना कळायला नको होतं का? चार वर्षं तर थांबायचंय. आरशाला पुढचं दिसतं, आपल्याला दिसत नाही."

"सर, त्याला एक विचारू का?"

"विचार ना."

"कापलं तर काय काय बिघडेल ते त्यानं सांगितलं. थांबले तर काय बिघडेल, ते विचारा. माझी पाठ, माझी मान, माझी बोटं. एकविसाव्या वर्षापर्यंत मी रोज किती दुखणार, ते काढा की त्याच्यातनं."

कारखानिसांनी मुजावर बाईंकडं बघितलं. बाईंनी चष्मा डोक्यावरनं नाकावर घेतला आणि आरशाला प्रश्न घातला. पुतळा फिरला. थोडा वेळ नुसता फिरतच राहिला. मग अक्षरं आली.

ह्या प्रश्नासाठी माहिती नाही.

"म्हणजे?" सारिकानं विचारलं.

मुजावर बाई सावकाश म्हणाल्या, "म्हणजे ज्या लाखो पोरींवर तो शिकला, त्यांची मापं त्याला दिली, रक्त दिलं, ऑपरेशननंतर कुणाचं परत वाढलं ते दिलं. ज्या थांबल्या त्यांना थांबताना किती दुखलं, ते कुणी दिलंच नाही. कुणी विचारलंच नव्हतं त्यांना."



"मग त्याला पुढचं कुठं दिसतंय?" दुर्वा म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि सारिका हळू म्हणाली नाही. "त्याला निम्मंच दिसतंय. निम्म्यावर तुम्ही मला चार वर्षं उभी करताय. तुमच्यातल्या कुणी गळ्यात गव्हाचा डबा बांधून एक दिवस दवाखान्यात राउंड मारा, जिना चढा, जेवा, झोपा. आणि मग सांगा मला, चार वर्षं तर आहेत."

पाटणकर मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं घेतला नाही.

कारखानीस बराच वेळ आरशाकडं बघत होते. चिडले नव्हते. मग खुर्ची वळवून धनाजीकडं बघितलं. "वडील काही बोलले नाहीत."

धनाजीनं बटणाशी चाळा केला. घसा खाकरला. "मला ह्यातलं बोलता येत न्हाई, साहेब. लाज वाटती. म्हणून चार वर्षं मी बाहेर पळालो." तो थांबला. "ती झोपेत कण्हती. आमचं घर लहान हाय, भिंतीपलीकडं ऐकू येतं. मी उशी कानावर घेतो. तेवढंच केलं मी." आणि मग एकदम म्हणाला, "सही कुठं करायची तेवढं दाखवा. परत वाढलं तर परत करू. मी पळणार न्हाई."

दुर्वा बापाकडं बघत राहिली. हा माणूस एवढं सलग बोलतो हे तिला नवीन होतं.

कारखानिसांनी पेनचं टोपण काढलं. "आरशाच्या वर जायचं तर कारण लिहावं लागतं. मी काय लिहू?"

मुजावर बाई काही सांगायला गेल्या, पण त्यांनी हात वर केला. "तिला विचारतोय."

दुर्वा म्हणाली, "लिहा, की पोरीला धोका माहीत आहे. आणि पोरगी म्हणते, चालेल."

त्यांनी तसंच लिहिलं. शब्द न शब्द. मग खाली सही केली, आणि पाटणकर मॅडमकडं सरकवलं. मॅडमनी पण केली.

* * *

ऑपरेशन सोपं नव्हतं आणि नंतरचे दिवसही. दोन्ही बाजूंनी नळ्या, घट्ट पट्टा, हात वर करायचा नाही, वजन उचलायचं नाही. एका जागी जखम भरायला फार दिवस लागले, पाणी येत राहिलं, दुर्वा दोनदा म्हणाली की कशाला केलं मी हे. सारिका म्हणाली, "तू म्हणशील म्हणून त्यांनी आधीच विचारलं होतं." तर म्हणाली, "मग म्हणू दे की जरा. दुखतंय तर म्हणणारच."

पण पट्टा निघाला त्या दिवशी ती उभी राहिली, आणि खांदे मागं गेले. तिनं नेले नाहीत, ते आपले गेले. धनाजी बघत होता. तो म्हणाला, "अगं, तू माझ्यापेक्षा उंच आहेस की!" आणि मग त्याला शेडवर काम आठवलं, डोळे पुसायला.

मुजावर बाईंनी दवाखान्यात एक नवी पद्धत घातली. थांबा म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येक पोरीला दर महिन्याला फोन जायला लागला, किती दुखतंय, झोप येते का. ती उत्तरं आरशात जायला लागली. पहिली उत्तरं दुर्वाची, तिनं मागचं सगळं आठवून आठवून दिलेली. त्याचा आरशावर काय परिणाम झाला, कधी झाला, ते सांगायला वेळ लागेल. यंत्रं सावकाश शिकतात.

आणि आता खरं सांगायचं तर आरसाही अगदीच खोटा ठरला नाही. तीन वर्षं गेली, दुर्वा वीस वर्षांची झाली, आणि एका बाजूला थोडं परत वाढलं. पहिल्यासारखं नाही, पावपटसुद्धा नाही, पण वाढलं. दहातल्या चारात ती निघाली. मुजावर बाईंनी तपासलं, म्हणाल्या, अजून एक छोटं ऑपरेशन करता येईल, नाही केलं तरी चालेल, तू ठरव. दुर्वानं अजून ठरवलेलं नव्हतं.

बातमी अर्थातच हातकणंगल्याला पोचली. फौजदाराच्या बारशाला, म्हणजे फौजदाराच्या पोराच्या बारशाला, सगळी जमली होती. मंगलनं बायकांच्या घोळक्यातच विषय काढला. तिच्या मनात वाईट नव्हतं, पण तीन वर्षं ती ह्या दिवसाची वाट बघत होती.

"मी म्हटलं नव्हतं? आरसा खोटं बोलत न्हाई. परत वाढलंच शेवटी. मग एवढं कापून घेऊन मिळवलंस काय?"

  सारिका मधे पडणार, तेवढ्यात दुर्वानं हातातलं लाडूचं ताट खाली ठेवलं.

"तीन वर्षं झोपले, आत्ती," ती म्हणाली. "पालथी झोपले. उशीत तोंड खुपसून. तुला रोज मिळतंय म्हणून तुला त्याची किंमत नाही."

"अगं, पण परत—"

"परत आलं तर आलं. लागलं तर परत कापीन, नाही लागलं तर बाळगीन. पन्नाशीत आलं तरी मीच बघीन त्याच्याकडं. माझं आहे ते. आरशाचं नाही, तुझंही नाही. नातवंड रडतंय बघ तुझं, त्याला भूक लागलीय. डबा आणू का?"

बायका फिसकन हसल्या. बाळंतीण आत पाजायलाच निघाली होती, ती पण हसली. दुर्वानं ताट उचललं आणि पंगतीकडं गेली, सरळ, पायाखाली न बघता.

मंगल लाल झाली होती. ती सारिकाकडं वळून म्हणाली, "तोंड लई वाढलंय गं तुझ्या पोरीचं."

"व्हय, वन्सं," सारिका म्हणाली. "आणि ते मात्र कुणालाच कमी करू द्यायची न्हाई मी."